घरात फिर आणि बोल

हॅलो?

…

हो, मीच. ताईच बोलतेय. या घरात दुसरं कोण उचलणार फोन?

नाही गं, झोपले नव्हते. दुपारची कुठं झोपते मी… आवाज? आवाज असाच आहे. सकाळपासून कुणाशी बोललं नाही, की पहिला शब्द जरा घोगरा निघतो. दोन वाक्यं झाली की सुटतो घसा… झाला बघ मोकळा. बोल, ठके.

…

थांब, थांब. एका दमात नको. उद्या इंग्रजीची परीक्षा आहे, हे मला माहितीये. मग?… काहीच येत नाही? कोण म्हणालं काहीच येत नाही?… तूच. बरं. म्हणजे परीक्षेच्या आधीच स्वतःला नापास करून मोकळी झालीस. परीक्षकाचे कष्ट वाचले.

हो… हो… अगं ऐक ना. ऐक आधी. लेखी झालंय ना तुझं? त्यात पास आहेस ना? मग उरलं काय, फक्त बोलणं. बोलायला काय, तोंड उघडायचं… हो, मागच्या वेळी पण उघडलं होतंस, तेही माहितीये. परीक्षकानं विचारलं, सकाळी काय करतेस, आणि तू म्हणालीस, आय अराइज फ्रॉम माय बेड अँड कमेन्स माय ड्यूटीज.

चूक नाही गं. व्याकरण चोख आहे. पण असं फक्त सरकारी पत्रं बोलतात. माणसं गेट अप करतात.

…

हां. आता तू मूळ दुखण्यावर आलीस. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अलाँग. एकच गेट आणि त्याच्या मागे पोरंबाळं किती. पाठ करायला गेलं की डोकं भणभणतं. सगळ्यांचंच भणभणतं… तुझ्या एकटीचं नाही.

नाही, रडू नकोस. म्हणजे रड, पण फोन जरा लांब धरून. कानात पाणी जाईल माझ्या.

…

हं. हसलीस. आता मला नीट सांग, तिकडच्या वृद्धाश्रमातली तुमची मोठी नर्स नेमकं काय म्हणाली?… उद्या पास झालीस तर तिथंच कायम करणार. आणि नाही तर?… महिनाअखेर सामान बांधून परत.

हो. परत म्हणजे इथंच. माझ्याकडे. दुसरं कुठं जाणार तू.

…

नाही, काही नाही. खिडकी लावत होते. वारा येतोय. बोल.

अगं, ते कप्तानाचं सांग ना परत. तेवढंच हसू दे मला… मला माहितीये सगळं, तरी सांग. कप्तान म्हणजे तोच ना, तुझ्या वॉर्डातला, खिडकीजवळचा? बोटीवर आचारी होता आणि सगळे त्याला कप्तान म्हणतात. त्याच्या मुलीचा फोन आला, आणि तू तिला सांगितलंस… काय सांगितलंस?

वी हॅव पुट युअर फादर डाउन.

अगं बाई. नाही, हसत नाही… हसतेय. तुला म्हणायचं होतं, निजवलं, अंथरुणावर आडवं केलं. पण तिकडे म्हातारं कुत्रं आजारी पडलं, की जनावरांचा डॉक्टर सुई टोचून त्याला मोकळं करतो ना, त्याला म्हणतात पुट डाउन. काय झालं असेल त्या बिचारीचं?… घरातल्या चपलांवर धावत आली? आणि हा बसलाय पावाला लोणी लावत… आणि तिलाच विचारतो, तू आज कशी काय?

हस, हस. बरं वाटतं ऐकायला.

मागे कोण हसतंय पण? दोन-तीन जणींचा आवाज येतोय… तुझ्याबरोबरच्या. त्या पण तयारी करून घेतायत?… वा. म्हणजे तुझ्या परीक्षेला अख्खं घर बसलंय. सांग त्यांना, ताई नमस्कार म्हणते… त्यांच्या भाषेत सांग गं, तुझी परीक्षा आहे ना.

…

बरं, चल. आता चेष्टा पुरे. पुस्तक बंद कर… बंद कर म्हटलं ना. त्यात काय दिलंय, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. त्यानं कुणाला भाषा आली आहे?

मी टेलिफोन एक्सचेंजवर लागले तेव्हा मला तरी कुठं येत होतं? होल्ड ऑन प्लीज, आय विल पुट यू थ्रू. एवढ्या पुंजीवर कानाला हेडफोन लावून बसले. पलीकडचा तिसरं वाक्य बोलला की माझं परत होल्ड ऑन प्लीज. तेव्हा आमच्या मुख्य बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पाठ करू नकोस. घरी जा, घरात फिर आणि जे करशील ते बोल. दिवा लावलास, बोल. दिवा मालवलास, बोल. आपल्या आईला वाटलं, हिला काहीतरी झालं. तू तेव्हा एवढीशी होतीस. माझ्या मागे मागे फिरायचीस आणि टर्न ऑन, टर्न ऑफ करत दिव्याच्या बटणांशी खेळायचीस… आठवत नाही? बरं, असू दे. मला आठवतंय.

तर तू पण फिर. मी इथं फिरते, तू तिथं फिर… खोलीत जागा नाही? मग पलंगाभोवती फिर. लग्नात फिरतात तशी नको, साधी फिर.

मी स्वयंपाकघरात आलेय. फ्रिज उघडला. दूध नाही. बोल.

… द मिल्क इज फिनिश्ड. कळेल. कुणी अडणार नाही. पण माणसं काय म्हणतात? रन… हां, रन आउट. वी हॅव रन आउट ऑफ मिल्क. म्हण.

…

काय?… वी म्हणाले का मी?

हो, म्हणाले वाटतं. सवयीनं. आय. आय हॅव रन आउट ऑफ मिल्क. पण तू वी म्हण, तुमचं दूध चौघींचं आहे.

पुढं. नळ. टर्न ऑन, टर्न ऑफ, हे झालं. नळ दुरुस्त करायला माणूस आला… द प्लंबर केम ओव्हर. बरोबर. शाबास.

… हो, आला होता ना. खरंच आला होता. परवा… आणि त्याच्या आधी पण. आता काही गळत नाही… अगं, काय झालं होतं म्हणजे? नळात काही नव्हतंच. तोच म्हणाला, बाई, नळ ठणठणीत आहे, मी आता पिळू काय. मग आलाच आहे तर चहा टाकला. त्याच्या बायकोचे गुडघे दुखतात म्हणे, जिना चढवत नाही तिला. चांगला बोलतो माणूस… गळत होता गं मी बोलावलं तेव्हा. थोडा. थोडा म्हणजे, मी नीट बंद केला नव्हता.

तू माझी परीक्षा घेऊ नकोस. परीक्षा तुझी आहे.

बरं, आता तुझं सांग. तिकडचं एखादं वाक्य. काल काय झालं, परवा काय झालं… मोठ्या नर्सशी भांडलीस? तू?

थांब. हे मराठीत नको. इंग्रजीत सांग सगळं. चुकलीस तरी चालेल, थांबू नकोस.

…

कप्तानाची अंघोळ. हं. शी पुट इट ऑफ. पुढं ढकलली, बरोबर. पुट ऑफ… अगेन अँड अगेन. चांगलंय… ही वॉज… काय? फेड अप. वैतागला होता. हो, बिचारा. मग तू?

परत म्हण.

… आय स्टूड अप टू हर.

नाही, बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. मी फक्त… हे कुठून शिकलीस? मी तर नाही शिकवलं… कप्तानानं? तो म्हणाला, यू स्टूड अप टू हर, गर्ल?

बरं.

नाही गं, कौतुकच वाटतंय. मला शब्द माहीत होता. तोंडात कधी आला नाही, एवढंच. मला लागतच नव्हता. आमच्या कामात कुणापुढं असं ठाम उभं राहून भांडायचं नसतं. दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. पुट थ्रू केलं, की आपलं काम संपलं. ती दोघं तासभर बोलतात, आणि आपण फक्त दिवा बघायचा, हिरवा आहे की विझला.

चल पुढं. पुट ऑन, टेक ऑफ. हे कपड्यांचं, बुटांचं. मी वाक्य देते. आय पुट ऑन माय गुड शूज, अँड आफ्टर सम टाइम आय टेक देम ऑफ. बोल.

…

कुठं जाते म्हणजे? कुठं नाही… चांगले बूट घालते, जरा बसते आणि काढते. टेक ऑफला पण वाक्य लागतं ना… बाहेर कशाला, बाहेर काय आहे. दुकान खाली आहे, तिथं चपला चालतात.

कॉल बॅक घे. फोन परत करणे. एक विमा विकणारी मुलगी आहे, ती मला फोन करते. शी कॉल्ड मी बॅक. लोक तिच्यावर खेकसून फोन ठेवतात, मी ठेवत नाही. आपण त्याच धंद्यातल्या. मी तिला विचारते, जेवलीस का, साहेब कसा आहे, पाणी पितेस ना मधेमधे, घसा जातो नाहीतर. मागच्या वेळी ती म्हणाली, मॅडम, तुम्ही विमा घेणार नसाल तर मी ठेवू का आता? आणि ठेवला. शी हंग अप. हँगचं हंग होतं बरं का, लक्षात ठेव. हे नेहमी विचारतात.

…

ठके?

शांत का झालीस? वाक्य कठीण गेलं का?… मग?

अगं, ती उदाहरणं आहेत. उदाहरणं अशीच असतात, घरातली… बूट? बूट पण उदाहरणच… नळवाला खरा आहे, पण… अगं, काय तू. शिकवायला बसलं की जे समोर दिसेल ते घेतो माणूस. समोर काय आहे माझ्या, एक फ्रिज, एक नळ आणि मी.

नाही, एकटं नाही वाटत… एवढं काही नाही वाटत.

नाही. नाही म्हटलं ना… रागावत नाहीये.

…

काय म्हणालीस?

…

ऐकतेय.

ऐकतेय म्हटलं ना. बोल तू.

…

उद्या जाणारच नाहीस. परीक्षा द्यायची नाही. गिव्ह अप करते आणि घरी येते. महिनाअखेर कशाला, त्याच्या आधीच येते… तिकीट बघते आज… हं. मागच्या खोलीत राहते, पूर्वीसारखी. आपण दोघी… हं.

…

आहे मी. इथंच आहे. जरा बसले खुर्चीत.

हे बघ, आता विषय काढलास तर सगळं ऐक. मागची खोली मी झाडून ठेवलीये. गादी उन्हात घातली, पडदे धुतले. केव्हाच… हो, तू यायचं काही ठरलं नव्हतं तेव्हा. तू नापास होशील म्हणूनच. मनात आलं माझ्या, की ही उद्या अडखळली तर बरं. पडदे लावताना आलं. वाईट वाटलं, तरी पडदे लावलेच. मनाला कोण कुलूप लावणार गं.

आणि हो, वाटतं एकटं. खूप वाटतं. संध्याकाळी तर असं वाटतं, की भिंतीला हाक मारावी. झालं? सांगितलं. आता रडू नकोस, मी पण नाही रडत.

… म्हणून येतेस? म्हणूनच येऊ नकोस.

थांब, मला बोलू दे. मधे बोलू नकोस. तू सासर सोडून एका पिशवीनिशी माझ्याकडे आलीस, त्यानंतर किती वर्षं होतीस इथं? इतक्या वर्षांत एकदा तरी भांडलीस माझ्याशी? भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप्प. मी तुझ्यावर ओरडले तरी गप्प. पंखा लावू का, हे सुद्धा मला विचारून लावायचीस. मला वाटायचं, किती गुणाची आहे माझी बहीण. छान जमतं आमचं.

काय छान, डोंबल? घाबरून होतीस तू. माझ्या घरात, माझ्यासमोर घाबरून होतीस, आणि मला ते सोयीचं होतं. सोबत होती ना मला.

आणि तिथं जाऊन तू मोठ्या नर्सशी भांडतेस. एका म्हाताऱ्याच्या अंघोळीसाठी. तिघी बायका तुझ्या मागे खिदळतायत, आणि तू त्यांना म्हणतेस, गप्प बसा गं, ताईचा फोन आहे. ऐकलं मी. असा आवाज तुझा मी कधी ऐकला नव्हता.

… हो, मला हवीयेस तू. पण ती पिशवीवाली मला परत नकोय. आणि तू इथं आलीस, की चार दिवसांत परत तीच होशील. हे घर तसंच आहे, मी पण तशीच आहे. मी काही बदललेली नाही. मी फक्त म्हातारी झालेय.

…

हं.

हं… कळतंय मला… नाही, ते बघू नंतर. सुट्टीत ये ना. कायमच्या नोकरीत सुट्टी असते. तेव्हा ये आणि भांड माझ्याशी. मी तयारी करून ठेवते, कशाकशावर भांडायचं.

आता नाक पूस. ऊठ. उठलीस?… इंग्रजीत.

आय गॉट अप. शाबास.

आता मी परीक्षक. खुर्ची ओढून बस समोर. शेवटी काय असतं, तो तुला विचारतो आणि मग तू त्याला एक प्रश्न विचारायचास. त्या प्रश्नालाच बहुतेक लोक गडबडतात… म्हणून तर सराव. चल. आवाज बदलते मी.

गुड मॉर्निंग. प्लीज सिट डाउन. टेल मी अबाउट युअर वर्क.

…

हं… आय लुक आफ्टर… छान. लुक आफ्टर, अगदी सहज आलं… ही कॅन्ट गेट अप ऑन हिज ओन. उत्तम… आय हेल्प हिम… गेट ड्रेस्ड. चालेल… अँड इन द इव्हनिंग, वी… व्हॉट? वी मेक अप स्टोरीज? ओह. तुम्ही दोघं गोष्टी रचता?… बोटीवरच्या? अगं, मला सांगितलं नाहीस कधी. नाही, नाही, परीक्षक आहे मी. गो ऑन, प्लीज.

… आय वॉन्ट टु स्टे… बिकॉज… हं.

घाई नको. श्वास घे. बिकॉज काय?

…

बिकॉज दे वेट फॉर मी टु टर्न अप.

छान आहे. छान आहे गं वाक्य. मी पण इथं तुझी वाट… नाही, मी काही बोलले नाही. व्हेरी गुड. नाऊ यू मे आस्क मी वन क्वेश्चन.

…

सॉरी?

… हा प्रश्न परीक्षकाला नाही विचारायचा… हो, वाक्य बरोबर आहे. हू लुक्स आफ्टर यू, व्याकरणात काही चूक नाही. पण तू हवापाण्याचं विचार, या कामात किती वर्षं आहात ते विचार… उत्तर? मी कशाला देऊ उत्तर? परीक्षक उत्तर देत नसतो.

… हट्ट करू नकोस.

आय… आय लुक आफ्टर मायसेल्फ. घे. झालं? होतं बाकी सगळं. जेवते वेळेवर. गोळ्या घेते. वजन पण वाढलंय थोडं.

…

ठके?

हॅलो?… ऐकू येतंय का?

हॅलो. गेला वाटतं. हॅलो?

गेलाच. या नव्या फोनचं काही खरं नाही. जाताना आवाज नाही, काही नाही. आमच्या वेळी लाइन तुटली की कळायचं, कानात भुंगा सुरू व्हायचा. आणि चष्मा कुठं ठेवला मी…

…

ये गं.

ये ना परत. नको ती परीक्षा. ये. मी दूध आणून ठेवते. ये तू.

…

कोण?

… ठके? आहेस तू?

आहेस? मग बोलली का नाहीस इतका वेळ?… तोंडावर हात धरून रडत होतीस. अगं, मग नाकातून तरी काही आवाज काढायचास. इतकी वर्षं लाइनवर बसले मी, पलीकडे माणूस आहे की नाही हे मला श्वासावरून कळायचं. सगळ्या ऑफिसात मलाच बोलवायचे, बघ गं, गेला की आहे. आणि आज माझ्या सख्ख्या बहिणीचा श्वास नाही कळला.

… काय ऐकलंस?

ते मांजराला म्हटलं… कधीपासून म्हणजे? खाली असतं एक… बरं, नाही मांजर. कसलं मांजर, मला शिंका येतात मांजरानं.

तुलाच म्हटलं.

… हो. तुलाच. खोटं काही नव्हतं त्यात. मघाशी सांगितलं, येऊ नकोस, ते पण खरं. आणि आता म्हटलं, ते पण खरं. दोन्ही खरी आहेत, मी काय करू? मघाचं विचार करून बोलले, म्हणून तू मघाचं ऐक. उद्या जा. वेळेवर जा, आणि नीट बोल, आणि पास हो. पास झाली नाहीस तर माझ्या दारात उभी करणार नाही तुला.

… करीन गं. करीन उभी. धावत येईन दार उघडायला, हेच तर म्हणतेय मी. म्हणून पास हो.

…

हं… हो… घेईन मी काळजी… हो, नळवाल्याला बोलावीन. नळ खराब नसला तरी बोलावीन, झालं? आणि समोरच्या बाई जिन्यात भेटल्या तर त्यांच्याशी बोलेन. ते चांगले बूट घालून बाहेर पण जाईन. कुठं ते मला विचारू नकोस, अजून ठरलं नाही.

तुला हाक मारतायत बघ मागे. जेवायला असेल. जा.

… तू ठेव आधी… नाही, आमच्यात नियमच होता तसा. पलीकडच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. ठेव तू.

…

ठेव ना.

…

ठेवत नाहीयेस तू. कळतंय मला. आता बरोबर कळतंय, श्वास येतोय तुझा.

बरं. मग आज मी ठेवते. नाहीतर दोघी अशाच बसून राहू, आणि तुला उद्या लवकर उठायचंय… हो. पहिल्यांदाच. माहितीये मला.

मी ठेवला, की मग परत म्हणणार आहे, मघाचं ते, ये गं. मला म्हणावंसं वाटतंय. पण तेव्हा तू ऐकायची नाहीस.

चल. ठेवते गं.